दुर्बीण आली; सोबत काय घ्यावे?

गेल्या काही वर्षांत आमच्या परिचयातील तीन घरांत दिवाळीच्या खरेदीबरोबर एकेक दुर्बीण आली. मुलाने हट्ट धरावा, आजोबांनी पैसे द्यावेत आणि वडिलांनी खोके घेऊन यावे, असाच तिन्ही ठिकाणचा प्रकार. पाडव्याच्या रात्री सारे कुटुंब हौसेने गच्चीवर जमते. अमावास्या नुकतीच सरलेली असल्यामुळे चंद्र नाही; फटाक्यांच्या धुराने आकाश माखलेले; दुर्बिणीत डोळा घालावा तर काळोखाखेरीज काही दिसत नाही. आणखी दोन-चार रात्री प्रयत्न होतात, आणि संक्रांतीला पतंग काढण्यासाठी कोणी माळ्यावर चढले म्हणजे दुर्बिणीचे खोके तेथे विसावलेले आढळते.

आमच्या मते यात दुर्बिणीचा दोष थोडा असतो. सोबत दिलेल्या किंवा न दिलेल्या साहित्याचा फार असतो. हे आम्ही पुस्तके वाचून म्हणत नाही. आमच्या पुतण्याकरिता आम्हीच एकदा असे खोके आणले होते. आत ७० मिलिमीटर व्यासाच्या भिंगाची, ७०० मिलिमीटर नाभ्यंतराची दुर्बीण होती. भिंग खरोखर चांगले होते. पण खोक्यावर ठळक अक्षरांत ‘५२५ पट’ असे छापले होते, आणि खरे सांगायचे तर आम्ही त्या आकड्याला भुललो. सोबत २० आणि ४ मिलिमीटरच्या दोन नेत्रिका, तिप्पट करणारे एक बार्लो भिंग, खेळण्यातले शोभावे असे शोधक, लटलटणारे तिकाटणे आणि काळ्या काचेची एक चकती. या शेवटच्या वस्तूने आमची झोप कशी उडवली ते पुढे सांगू.

तत्पूर्वी एक जुनी गोष्ट सांगितली पाहिजे, कारण ती आपल्या याच गावात घडलेली आहे. सुरत म्हटले की मराठी मनाला जानेवारी १६६४ आठवतो, आणि ते योग्यच आहे. पण त्याच्या सुमारे बारा वर्षे आधी, ३ नोव्हेंबर १६५१ रोजी, जेरेमी शेकर्ली नावाच्या पंचविशीच्या एका इंग्रज तरुणाने तापीकाठच्या या बंदरात सूर्याचा दुर्बिणीतून वेध घेतला आणि बुधाचा काळा ठिपका सूर्यबिंबावरून सरकताना पाहिला. भारतभूमीवर आकाशाच्या वेधासाठी दुर्बीण वापरल्याची ही पहिली ज्ञात नोंद आहे. गॅलिलिओने आपली दुर्बीण आकाशाकडे वळवली त्याला तेव्हा पुरी पन्नास वर्षेही झाली नव्हती. बुधाचे असे अधिक्रमण त्यापूर्वी १६३१ साली पॅरिसमध्ये गासेंदीने पाहिले होते, तेही पांढऱ्या कागदावर सूर्याची प्रतिमा पाडून.

शेकर्ली लँकेशायरचा. १६५१ चे अधिक्रमण होईल तेव्हा इंग्लंडात रात्र असणार आणि सूर्य आशियातल्या लोकांना दिसणार, हे त्याने ग्रहांच्या कोष्टकांवरून गणित करून काढले होते. आज एखाद्या शाळकरी मुलाच्या हाती असते तशी दुर्बीणही त्या काळच्या ज्योतिषाला लाभत नव्हती. परंतु कोणत्या दिवशी, कोठून आणि नेमके काय पाहायचे हे शेकर्लीला ठाऊक होते. आम्हांला कोणी विचारले की दुर्बिणीबरोबर पहिली वस्तू कोणती घ्यावी, तर आम्ही नेत्रिकेचे नाव घेत नाही. आकाशाचा नकाशा घ्या म्हणून सांगतो.

आपल्या अक्षांशासाठी केलेला फिरता तारानकाशा सर्वांत सोयीचा. सुरत विषुववृत्ताच्या उत्तरेस सुमारे २१ अंशांवर आहे. म्हणून ध्रुवतारा येथे क्षितिजापासून तेवढाच, म्हणजे बराच खाली दिसतो. लंडनसाठी केलेला नकाशा घेऊन गच्चीवर गेलेला मुलगा ध्रुव शोधत भलतीकडेच पाहत राहतो. भ्रमणध्वनीवरचे नकाशे उत्तम असतात, पण त्या पडद्याचा उजेड डोळ्यांना मारक. अंधाराला सरावण्यास डोळ्यांना वीस-तीस मिनिटे लागतात, आणि एका पांढऱ्या झोताने ती सारी कमाई जाते. यावर आमच्या गावात फुकटात उपाय आहे. विजेरीच्या काचेवर पतंगाचा लाल कागद दोन-तीन पदरी करून रबराने बांधावा. एवढ्या मंद लाल उजेडात नकाशा वाचता येतो आणि डोळेही बिघडत नाहीत.

दुसरी वस्तू आपल्या भिंतीवर आधीपासून टांगलेली असते, ती म्हणजे दिनदर्शिका. चंद्रावरची विवरे पौर्णिमेला चांगली दिसतात हा समज चुकीचा आहे. पौर्णिमेला सूर्यप्रकाश समोरून पडतो, सावल्या नाहीशा होतात आणि चंद्र पांढऱ्या थाळीसारखा सपाट दिसतो. शुद्ध षष्ठीपासून दशमीपर्यंतच्या रात्री घ्याव्या. उजेड-अंधाराच्या सीमेवर डोंगरांच्या सावल्या लांबच लांब पडलेल्या असतात. तारकागुच्छ आणि तेजोमेघ यांच्यासाठी अमावास्येच्या आसपासचे दिवस राखावे. संकष्टीला चंद्रोदयाची वाट पाहत गच्चीवर उभ्या राहणाऱ्या आमच्या आया-बहिणींना हे तिथींचे गणित निराळे शिकवावे लागत नाही.

आता नेत्रिका. येथे आम्हांला एका हिऱ्याच्या कारागिराने गुरुमंत्र दिला. वराछाकडे राहणारे हे गृहस्थ एका रात्री आमच्या गच्चीवर आले होते. त्यांनी नेत्रिका हातात घेतली, नळीतून काढून हिरा पाहावा तशी डोळ्याशी धरली आणि म्हणाले, “हे तर आमचेच भिंग!” अगदी खरे. दुर्बिणीच्या पुढच्या मोठ्या भिंगाचे काम ताऱ्यांचा प्रकाश गोळा करून नळीच्या टोकाशी एक चिमुकले चित्र उभे करण्याचे. ते चित्र पाहण्यासाठी डोळ्याशी धरायचे जे भिंग, ती नेत्रिका. हिरा तपासण्याचे दहापट भिंग आणि २५ मिलिमीटरची नेत्रिका, दोहोंचे नाभ्यंतर जवळपास एकच. हिरा ठिसूळ काचेतून तपासून कोणी सौदा करणार नाही. दुर्बिणीच्या बाबतीत मात्र आपण तेच करतो. पुढे चांगले भिंग आणि डोळ्याशी खोक्यातली प्लॅस्टिकची नेत्रिका.

शक्तीचे गणित सोपे आहे. दुर्बिणीच्या नाभ्यंतराला नेत्रिकेच्या नाभ्यंतराने भागावे. ७०० भागिले २५ म्हणजे २८ पट. ७०० भागिले १० म्हणजे ७० पट. नेत्रिका जितकी लहान आकड्याची तितके चित्र मोठे, पण तितकेच अंधुक आणि अरुंद. याला मर्यादा आहे. भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये जितका, त्याच्या दुपटीहून अधिक शक्ती लावण्यात सहसा अर्थ नसतो. म्हणजे पुतण्याच्या दुर्बिणीची खरी मजल १४० पट. खोक्यावरचे ५२५ कोठून आले? ७०० भागिले ४ म्हणजे १७५, आणि त्याची बार्लोने तिप्पट. हिशेब बिनचूक, आणि वस्तू निरुपयोगी. त्या जोडणीतून आम्ही गुरू पाहिला, तेव्हा ओल्या टीपकागदावर शाईचा थेंब पसरावा तसे काहीसे दिसले आणि लगेच दृष्टीआड झाले.

दृष्टीआड का झाले, तेही समजून घ्यावे. पृथ्वी फिरते म्हणून आकाश तासाला १५ अंशांनी सरकते. साधारण चांगल्या नेत्रिकेतून २८ पटीवर सुमारे पावणेदोन अंशांचे आकाश दिसते, म्हणजे पूर्णचंद्राची साडेतीन बिंबे शेजारी शेजारी मावतील एवढे. त्यात आणलेला तारा सात मिनिटे टिकतो. १४० पटीवर तोच दीड मिनिटाच्या आत निघून जातो. घरातील चौघांनी पाळीपाळीने पाहायचे तर आजींची पाळी येईपर्यंत शनी पसार झालेला असतो.

म्हणून आमची शिफारस अशी. प्लॉस्ल पद्धतीची २५ मिलिमीटरची एक नेत्रिका प्रथम घ्यावी. व्हिएन्नाच्या प्लॉस्लने १८६० साली बसवलेली ही चार भिंगांची रचना अजून उत्तम चालते, आणि कुटुंबाच्या एका वेळच्या बाहेरच्या जेवणाच्या खर्चात ती मिळते. महिना-दोन महिने हिच्यावरच काढावे. गुरूचे चार चंद्र, कृत्तिकेचा पुंजका, मृगातला तेजोमेघ, चंद्राची विवरे, सारे हिच्यातून दिसते. मग १० मिलिमीटरची दुसरी आणि दुप्पट करणारे एक बरे बार्लो भिंग घ्यावे. दोन नेत्रिका आणि एक बार्लो मिळून २८, ५६, ७० आणि १४० अशा चार शक्ती हाती येतात. शनीची कडी ७० पटीवर स्पष्ट वेगळी दिसतात. २५ च्या जोडीला साडेबाराची नेत्रिका घेऊन वर दुप्पट बार्लो घेणे मात्र पैसे वाया घालवणे आहे, कारण दोघांची शक्ती तीच. खरेदीपूर्वी दुर्बिणीच्या नळीचे तोंड पट्टीने मोजावे. आज सर्वत्र सव्वा इंची नेत्रिका चालतात. काही जुन्या वा अगदी स्वस्त दुर्बिणींचे तोंड एका इंचाहूनही थोडे कमी असते, आणि मग आणलेली वस्तू परत करण्याची पायपीट होते.

चष्मेवाल्यांनी एवढे ध्यानात ठेवावे की केवळ जवळचे किंवा दूरचे कमी दिसत असेल तर चष्मा काढून पाहावे; दुर्बिणीचा चाक-खिळा फिरवला की ती उणीव भरून निघते. सिलिंडरचा नंबर मोठा असेल तर मात्र चष्मा हवाच, आणि मग लहान आकड्याच्या नेत्रिका त्रास देतात, कारण डोळा काचेला जवळजवळ टेकवावा लागतो.

खरी रखडपट्टी होते ती शोधकाने. दुर्बिणीतून आकाशाचा इवलासा तुकडा दिसतो. तो नेमका कोठला, हे सांगणारे साधन म्हणजे शोधक. खोक्यातला प्लॅस्टिकचा शोधक आम्ही तीन रात्री सोसला आणि काढून टाकला. त्याजागी लाल ठिपक्याचा शोधक बसवला. त्यात वाढ काहीच होत नाही. उघड्या डोळ्यांना दिसणाऱ्या आकाशावर एक लाल ठिपका दिसतो, तो ताऱ्यावर ठेवायचा. शहराच्या उजेडात जेथे तारे थोडेच दिसतात तेथे ६ × ३० चा भिंगांचा शोधक अधिक कामाचा. कोणताही घेतला तरी तो दिवसाउजेडी जुळवावा. दूरच्या पाण्याच्या टाकीचे किंवा मनोऱ्याचे टोक दुर्बिणीच्या मध्यावर आणावे आणि शोधकाचे खिळे फिरवून त्यातही तेच टोक मध्यावर घ्यावे. सूर्य पाठीमागे असावा, त्या बाजूस दुर्बीण जाणार नाही असे उभे राहावे. या दहा मिनिटांच्या कामावाचून रात्रीचे दोन तास फुकट जातात.

आणखी एक सुरतेपुरती गोष्ट. हिवाळ्यात कृत्तिका येथे जवळजवळ डोक्यावर येतात. खस्वस्तिकापासून त्यांचे अंतर तीनच अंश. भिंगाच्या दुर्बिणीत सरळ पाहायचे तर जमिनीवर उताणे पडावे लागेल. म्हणून नळी आणि नेत्रिका यांच्यामध्ये काटकोनात वळवणारा आरसा हवा. खोक्यात पुष्कळदा ४५ अंशांत वळवणारा लोलक मिळतो. तो दिवसा डुमसच्या किनाऱ्यावर जहाजे पाहण्यास ठीक, पण माथ्यावरचे तारे पाहताना मान मोडते. आरशाच्या, म्हणजे न्यूटनी दुर्बिणीला या वस्तूची गरज नाही, कारण तिच्यात बाजूनेच पाहायचे असते. तिला आरसे जुळवण्याचे साधे साधन मात्र लागते.

तिकाटणे बदलणे महाग पडते. त्याचे पाय अर्धेच उघडावे आणि मधल्या पट्टीला वाळूची पिशवी टांगावी. निम्मी थरथर जाते. उरलेली निम्मी मुले गच्चीवर धावायची थांबली की जाते. पाहणाऱ्याने स्टुलावर बसावे. बसून पाहणाऱ्याला उभ्या माणसापेक्षा अधिक दिसते, हा अनुभव कोणीही एका रात्रीत घेऊ शकेल. भ्रमणध्वनी नेत्रिकेवर बसवण्याची पकडही अलीकडे स्वस्तात मिळते. आम्ही तिला आधी चैन समजलो होतो. पण आमच्या मातोश्रींना गुडघ्यांमुळे वाकता येत नाही. त्यांनी चंद्राचे डोंगर त्या पडद्यावर खुर्चीत बसून पाहिले, तेव्हापासून आम्ही ते मत बदलले.

रंगीत काचांची पेटी घेऊ नये. चंद्रासाठी काळसर काच मिळते, तिच्यावाचूनही अडत नाही. चंद्राचा प्रकाश डोळे दिपवतो, पण त्यांना इजा करीत नाही.

सूर्याचे मात्र तसे नाही, आणि आता त्या काळ्या चकतीची गोष्ट. ती नेत्रिकेच्या मागील बाजूस आट्यांनी बसवायची होती. तिच्यावर ‘सूर्य’ असे इंग्रजीत छापलेले होते. नाताळच्या सुटीतली दुपार होती. पुतण्याने सूर्य धरला, एक डाग पाहिला, आम्हांला हाक मारली: “काका, लवकर या, डाग दिसतोय!” आम्ही जिना चढत होतो. तो आम्हांला जागा देण्यासाठी बाजूला झाला आणि त्याच क्षणी ‘टक्’ असा आवाज आला. चकती आरपार तडकली होती. नेत्रिकेतून निघालेल्या प्रकाशाने स्टुलावर ठेवलेल्या वर्तमानपत्राच्या कडेला तपकिरी डाग पडू लागला. वहिनी वाळवणाशी बसल्या होत्या. काय झाले ते त्यांनी पाहिले, आणि त्या दिवशी त्या आमच्याशी बोलल्या नाहीत. त्यांचे काही चुकले असे आम्हांला वाटत नाही.

कारण उघड आहे. ७० मिलिमीटरचे भिंग भर दुपारच्या डोळ्याच्या बाहुलीपेक्षा बाराशे पटींहून अधिक प्रकाश गोळा करते, आणि चकती बसते ती नेमकी तो एकवटतो तेथे. काच तापते आणि तडकते. डोळ्याच्या पडद्याला वेदना कळत नाही. भाजल्याचे कळते ते नंतर, आणि ते भरून येईलच असे नाही. अशी चकती आपल्या खोक्यात असेल तर ती कोणाला देऊ नका. हातोडीने फोडून टाका.

सूर्याचा योग्य फिल्टर दुर्बिणीच्या पुढच्या तोंडावर, सर्व भिंगांच्या आधी बसतो आणि प्रकाशाचा सुमारे एक लक्षांश भागच आत येऊ देतो. तो मुद्दाम सूर्यदर्शनासाठी केलेल्या पटलाचा, नामांकित निर्मात्याचाच घ्यावा. येथे सुरतकरांना विशेष इशारा द्यावासा वाटतो. जरीच्या धंद्यातील आमचे एक स्नेही म्हणाले, “अहो, चकाकत्या पॉलिएस्टरचे रोळच्या रोळ आमच्याकडे पडलेत, दोन पदर लावा की!” सद्भावनेने दिलेला हा सल्ला भयंकर आहे. जरीचे पटल डोळ्यांना काळोखे वाटले तरी त्यातून न दिसणारे उष्ण किरण किती जातात हे कोणी मोजलेले नसते. एक्स-रेची फिल्म, काजळी धरलेली काच, वेल्डिंगची काच दुर्बिणीवर, यांपैकी काहीही चालणार नाही. फिल्टर घट्ट बसवून वर चिकटपट्टी लावावी. गच्चीवरच्या वाऱ्याने तो उडता कामा नये. दर वेळी दिव्यासमोर धरून बारीक छिद्रे नाहीत ना, ते पाहावे. शोधकाचे तोंड झाकावे किंवा शोधक काढूनच ठेवावा. गासेंदीची कागदाची रीत लहान भिंगाच्या दुर्बिणीला चालते, परंतु प्लॅस्टिकची नेत्रिका त्यात वितळते, आणि जवळ मोठे माणूस सतत उभे हवे. मुलाने कुतूहलाने नेत्रिकेत डोकवायला एक क्षण पुरतो.

जपणुकीविषयी थोडक्यात. समुद्र जवळ असल्यामुळे येथील हवा ओली असते, आणि जूनपासून सप्टेंबरपर्यंत तर आकाश मिळतच नाही. त्या दिवसांत भिंगांवर बुरशी धरते. नेत्रिका घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवाव्या. थंडीच्या रात्री भिंगावर दव धरते. काळ्या कार्डाची एक वीतभर लांब नळी करून पुढे बसवली की पुष्कळ काम होते. धूळ दिसली म्हणून साडीच्या पदराने भिंग पुसणे हा गुन्हा समजावा. थोड्या धुळीने काही बिघडत नाही, पुसण्याच्या ओरखड्यांनी बिघडते. आणि सिमेंटची गच्ची दिवसभर तापलेली असते. सूर्यास्तानंतर दोन-तीन तास तिच्यावरची हवा थरथरत असते, म्हणून ग्रह पाहायचे तर जेवणे आटोपून वर जावे. वर्षातून एकदा जमल्यास डांगात सापुताऱ्याकडे दुर्बीण घेऊन जावे. तेथल्या अमावास्येच्या रात्री पुतण्याने देवयानीतील दीर्घिका पाहिली आणि मग दुर्बीण सोडून नुसत्या डोळ्यांनीच अर्धा तास आकाशगंगा पाहत राहिला.

त्याच्याजवळ आज दोन नेत्रिका, एक बार्लो, लाल ठिपक्याचा शोधक, काटकोनी आरसा, तारानकाशा, लाल कागदाची विजेरी आणि पुढे बसणारा सूर्याचा फिल्टर एवढे आहे. फिल्टर त्याने बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात जपून ठेवला आहे. बुधाचे पुढचे अधिक्रमण १३ नोव्हेंबर २०३२ रोजी आहे, आणि या वेळी ते आरंभापासून अखेरपर्यंत सुरतेतून दिसणार आहे. दुपारी १२ वाजून ११ मिनिटांच्या सुमारास बुध सूर्यबिंबाला लागेल आणि साडेचार वाजून गेल्यावर बाहेर पडेल. सूर्याच्या रुंदीच्या जेमतेम एकशेनव्वदाव्या भागाएवढा तो ठिपका. नुसत्या ग्रहणाच्या चष्म्याने तो दिसणार नाही, दुर्बीणच हवी. डब्याच्या झाकणाच्या आत पुतण्याने ती तारीख आणि वेळ लिहून कागद चिकटवला आहे, आणि खाली वहिनींच्या अक्षरात एक ओळ आहे: “आधी मी फिल्टर तपासणार.”